तीनशे बारा, तीनशे अकरा

प्रुदेत्स, २७ एप्रिल

इम्ब्रो,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे न उघडता फेकून दिलं असतंस, म्हणून पत्ता टपाल कचेरीतल्या मार्तिनाकडून लिहून घेतला. एकतीस वर्षं या गावात सायकलवरून दुसऱ्यांची पत्रं वाटली, तेव्हा एवढी एक लबाडी मला चालून जावी. दर रविवारी आईला फोन करतोस आणि मी उचलला की ठेवून देतोस. चार वर्षं झाली. मग लिहू नको तर काय करू?

कामाचं लिहिते. १८ मेला, रविवारी, पंचायतीचं मतदान आहे. तू आयर्लंडला, कॉर्कला जाऊन सहा वर्षं झाली, पण तुझ्या ओळखपत्रावर अजून आईच्या घराचाच पत्ता आहे, म्हणून तुझं नाव आमच्या यादीत आहे. टपालाने मत देता येत नाही. हे निदान मला तरी समजावू नकोस. स्वतः यायचं, बंबवाल्यांच्या हॉलमध्ये ओळखपत्र दाखवायचं, पडद्याआड जाऊन उमेदवाराच्या आकड्याभोवती एक गोल काढायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता का यायचं ते ऐक. आईने तुला सांगितलं असेल की मार्चमध्ये ती अंगणात घसरली. साफ खोटं. ती दुकानातून परत येत होती. आपलं गावातलं दुकान बंद झाल्यापासून पलीकडच्या गावी जावं लागतं, दोन किलोमीटर, डंपरांच्याच रस्त्याने. मागून खडीचा डंपर आला. धक्का लागला नाही, नुसता वारा लागला, आणि आई सायकलसकट खड्ड्यात. खांद्याचं हाड मोडलं. डंपर थांबलासुद्धा नाही. शेजारच्या लोयझने तिला पाहिलं तेव्हा ती खड्ड्यात बसून पिशवीतली अंडी मोजत होती. म्हणाली, "चार वाचली."

प्लास्टर निघालं त्याच दिवशी ती सायकल काढायला गेली. मी म्हटलं, "आई, आता जरा चालत जात जा." तर म्हणते कशी, "चालता आलं असतं तर सायकल कशाला लागली असती?" आणि ते खरंच आहे, इम्ब्रो. तिला जिन्याच्या तीन पायऱ्या चढवत नाहीत, पण सायकलवर बसली की ऐंशी वर्षांची बाई साठीची होते. दफनभूमीत बाबांच्या फुलांना पाणी, चर्च, दुकान, मैत्रीण कातिक्साकडे पत्ते, सगळं त्या लाल सायकलवर. टोपलीत खुरपं, कॅरिअरला पाण्याचा झारा. आता मी ती सायकल अक्रोडाच्या झाडाला साखळीने बांधून ठेवली आहे आणि किल्ली माझ्या खिशात आहे. आई माझ्याशी बोलत नाही. म्हणजे आता या घरात माझ्याशी न बोलणारे दोघं झाले.

सायकलींसाठी वेगळा रस्ता मंजूर व्हायला आलाय. शेतांच्या कडेने, डंपरांपासून लांब, आपल्यापासून पलीकडच्या गावापर्यंत, मधे दफनभूमी. ब्रसेल्सचा, युरोपीय संघाचा निधी तयार आहे, फक्त पंचायतीने सप्टेंबरच्या आत ठराव करून कागद पाठवायचे. श्तेफ ब्लाझेक पुन्हा सरपंच झाला तर तो ते कागद पाठवणार नाही. त्याला आहे तोच रस्ता रुंद करायचाय, डंपरांसाठी. चर्चसमोर तो सगळ्यांदेखत म्हणाला, "सायकल ही गरिबीची आठवण आहे बायांनो, आता गाड्या घ्या." त्याच्या विरोधात दुन्या शोस्तार उभी आहे, शाळेतली भौतिकशास्त्राची बाई, आठ वर्षांपूर्वी झाग्रेबहून आलेली. तिने ठराव करायचं वचन दिलंय.

एवढंच. ये.

यागा

*

प्रुदेत्स, ८ मे

इम्ब्रो,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. त्यातल्या दोन हवामानावर. आणि मग: "एका मतासाठी विमानात बसू? एका मताने काय होतं? तू आहेस ना तिथे."

हो, मी आहे इथे. मी इथेच असते. बाबा गेले तेव्हा मी इथे होते, आईचं हाड मोडलं तेव्हा मी इथे होते, आणि तू नदीकाठच्या कुरणातला तुझा वाटा खडीवाल्यांना विकलास तेव्हाही मी इथेच होते. मला कळलं कसं ते आठवतं? सकाळी टपाल वाटायला निघाले तर बाबांच्या विलोच्या झाडांपाशी खोदाईचं यंत्र उभं होतं. तू नाताळच्या जेवणाला आलास तेव्हा मी जे बोलले ते बोलले. "बापाला विकलंस" म्हणाले. ते मागे घेत नाही. पण एक विचारू? आईला खड्ड्यात घालणारा डंपर कुठून भरून आला होता, याचा कधी विचार केलास?

बघ, पुन्हा तिकडेच गेले. रागाने लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

श्तेफने शनिवारी बंबवाल्यांच्या अंगणात कढई चढवली. द्रावा नदीतला मासा, लाल तिखट, वर पांढरी वाइन, आणि अख्खं गाव वाडगा घेऊन रांगेत. पाच महिन्यांपूर्वी सायकलरस्त्याच्या माझ्या मागणीवर सही करणारे लोक त्याच्या कढईतून ओरपत होते. मी लोयझला गाठलं.

"लोयझ, तू आईला खड्ड्यातून काढलंस. मत कुणाला?"

"यागा, तुझा तो सायकलरस्ता झाला तर माझ्या कुंपणाचं काय?"

"तुझं कुंपण गेल्या वर्षीच पंचायतीच्या जागेत सरकलंय."

"म्हणून तर विचारतोय!"

हे असं आहे. प्रत्येकाला रस्ता हवा, पण त्याच्या कुंपणापासून, त्याच्या कोंबड्यांपासून, त्याच्या गाडीच्या जागेपासून चार हात लांब. आणि ज्यांना तो खरोखर हवाय, आईसारख्या बाया, त्या म्हणतात आम्हाला राजकारणातलं काय कळतंय, आम्ही घरीच बऱ्या. कातिक्सा गेल्या वीस वर्षांत मतदानाला गेलेली नाही. मी तिला म्हटलं, "कातिक्सा, अगं तू रोज सायकलवर असतेस. रस्त्यावर कुणी चालायचं हे त्या हॉलमध्येच ठरतं." ती म्हणाली, "ठरवू देत, मी आपली कडेने जाते." कडेने! कडेला खड्डा आहे, त्याच खड्ड्यात आई पडली.

आई परवा माझ्या एप्रनचे खिसे तपासत होती. मी पाहिलं तर म्हणाली, "धुवायला घेत होते." किल्ली आता मी गळ्यातल्या साखळीत अडकवलीय.

विमान शुक्रवारी आहे, शनिवारी आहे, रविवारी सकाळचंही आहे. मार्तिनाने बघून सांगितलं. मत पडेपर्यंत मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही, वाटल्यास तसं कबूल करते. घरी नको असेल तर घरीही येऊ नकोस. हॉलमध्ये ये, गोल काढ, परत जा.

यागा

*

प्रुदेत्स, १६ मे

इम्ब्रो,

आज रात्री बारापासून तोंड बंद ठेवायचं, असा कायदा आहे. प्रचार नाही, पत्रकं नाही, कुणाला कुणाबद्दल काही सांगायचं नाही, थेट मतदान संपेपर्यंत. माझ्यासारखीला ते दोन दिवस म्हणजे उपासच. म्हणून आत्ताच मनातलं ओकून घेते. हे तुला मिळेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल, तरी लिहिते.

दुन्याचं पत्रक आज आलं. चकचकीत, रंगीत. मुखपृष्ठावर ती, हातात सह्यांचा गठ्ठा. सहाशे चौदा सह्या आहेत त्यात, इम्ब्रो. त्या मी गोळा केल्या. दहा वर्षांत तीनदा. पहिल्यांदा नोकरीत असताना पेन्शनची पत्रं देता देता, दुसऱ्यांदा निवृत्त झाल्यावर, तिसऱ्यांदा या हिवाळ्यात, बर्फात, घरोघर, कुत्र्यांच्या तोंडी पाय देत. म्हातारा बोल्त्यो सही करता येत नाही म्हणून रडला, त्याचा हात मी धरला. पत्रकात माझं नाव कुठेही नाही. "नागरिकांच्या सह्यांसह" एवढंच.

आणि खाली चित्र. एक माणूस, घट्ट कपडे, काळा चष्मा, डोक्यावर भोपळ्याएवढं हेल्मेट, आणि शब्द: "द्रावाकाठी नवं पर्यटन". टोपली नाही, खुरपं नाही, झारा नाही, एकसुद्धा म्हातारी नाही. मला विचारलं असतं तर मी आईला सायकलवर बसवून फोटो काढू दिला असता.

मी तिच्याकडे गेले. चांगली बाई आहे, वाईट नाही. पण मला कॉफी देताना तिचे डोळे फोनवर होते.

"यागा, जागा फार कमी होती हो पत्रकात. आणि तुमचं काम सगळ्यांना माहीतच आहे ना."

"माहीत आहे तर छापायला हरकत काय होती?"

"पुढच्या पत्रकात नक्की."

"पुढचं पत्रक कधी? चार वर्षांनी?"

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग मी काही बोलले नाही. मी गप्प बसले की आई काय म्हणते आठवतं? "आता ही लिहिणार." लहानपणी तू माझी बाहुली विहिरीत टाकलीस तेव्हा मी तुला दाराखालून सरकवलेली चिठ्ठी तू वर्षभर ठेवली होतीस.

असो. सगळे म्हणतायत दुन्या चाळीसेक मतांनी येईल. बारित्सा, जी मतदान समितीवर बसते, तिचा अंदाज कधी चुकत नाही. तेव्हा कदाचित तुझी गरजही पडणार नाही. पण तू आला असतास तर आईला बरं वाटलं असतं. तिने खसखशीचे गोड रोल करून ठेवलेत, मला हात लावू देत नाही. कुणासाठी, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

यागा

*

प्रुदेत्स, १९ मे

इम्ब्रो,

श्तेफ ब्लाझेक: तीनशे बारा.

दुन्या शोस्तार: तीनशे अकरा.

बाद: नऊ.

नीट वाच. पुन्हा वाच. कार्डावर काय लिहिलं होतंस? एका मताने काय होतं! हे होतं. डोळे उघडून बघ, हेच होतं!

मी हॉलमध्ये होते. बारित्साने तीनदा मोजलं. दुन्या पांढरीफटक पडून खुर्चीवर बसली होती. श्तेफसुद्धा हसायला घाबरत होता, तिसरी मोजणी संपल्यावर मग हसला. त्याच्या मेव्हण्याने बाहेर गाडीचा हॉर्न वाजवला आणि दोन डंपरवाल्यांनी त्याला साथ दिली. आई घरी ओट्यावर बसली होती. तिने हॉर्न ऐकून ओळखलं. मी आत आले तर काही न विचारता म्हणाली, "खसखशीचे रोल आहेत, खा."

कातिक्सा आली नव्हती. लोयझ आला होता आणि बाहेर येऊन माझी नजर चुकवत होता, त्यावरून काय ते समजलं. बोल्त्यो काठी टेकत आला आणि गोल काढून गेला. सत्त्याण्णव वर्षांचा माणूस! आणि तू, त्रेपन्न वर्षांचा, धडधाकट, दोन पाय, दोन हात, पासपोर्ट, आणि रविवारच्या फोनवर आईला म्हणतोस "जमलं नाही".

बाद मतपत्रिकांवर लोक काय काय करतात ते तुला माहीत आहे, तू असताना दर वेळी आपण ऐकून हसायचो. एकाने सॉसेज काढलं होतं, दुसऱ्याने "दोघेही चोर", तिसऱ्याने दोन्ही आकड्यांना गोल काढून मधे हृदय. बाकीच्यांचं सांगत बसत नाही.

मला तुझा इतका राग आलाय की पेन कागदात रुततंय. तू नदीकाठचं कुरण विकलंस, ते मी कधीतरी गिळलं असतं. हे नाही गिळणार. जमीन तुझी होती, ती तू विकलीस. हे मत आईचं होतं. तुझ्या नावावर होतं एवढंच.

उत्तर पाठवू नकोस.

यागा

*

प्रुदेत्स, १० जून

इम्ब्रो,

उत्तर पाठवू नकोस म्हटलं तर पहिल्यांदाच तू दोन पानं लिहिलीस. तुझी नेहमीची सवय.

लिहितोस की तू तिकीट बघितलं होतंस. शनिवारचं. पैसे भरायच्या आधी बंद केलंस, कारण "वाटलं, यागा तिथे आहे. यागा आहे म्हणजे गाव गोळा होणार. दहा वर्षं तेच तर करतेय. माझ्या एका गोलाने तिचं काय वाढणार." आणि मग शेवटी: "मला शिव्या घालतेस, पण तीनशे अकरा आणि मी धरून तीनशे बारा होतात. बरोबरी. जिंकायला अजून एक लागत होतं. तो कुठे गेला? तू तर मत दिलंस ना?"

हा काय प्रश्न झाला? मी गेले. नाव सांगितलं, बारित्साने यादीवर रेघ मारली, कागद दिला, मी पडद्याआड गेले, घडी घातली आणि पेटीत टाकला. अख्ख्या गावाने पाहिलं. झालं समाधान?

श्तेफच्या पहिल्याच बैठकीत सायकलरस्त्याचा कागद पुढे आलाच नाही. "सध्या प्राधान्य नाही." रस्त्याच्या रुंदीकरणाला मात्र आहे. दुन्या बैठकीला आली होती, एका जागी बसून राहिली. मला बाहेर भेटली आणि म्हणाली, "यागा, तुमचं नाव छापायला हवं होतं." मी म्हटलं आता त्याचं काय. आणि तिथून निघून आले. तिच्यासमोर उभं राहवेना.

आईचं सांगते. मी एक तडजोड केली. सायकल सोडली, पण फाटकाला कुलूप लावलं. म्हटलं अंगणात फिर हवं तेवढं. मला वाटलं रुसून बसेल. ती सकाळी सहाला उठते, डोक्याला रुमाल बांधते, टोपलीत पाकीट ठेवते, हो, पाकीट, आणि अंगणात गोल गोल सायकल चालवते. अक्रोडाभोवती, कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा, विहिरीमागून परत. वळणावर घंटी वाजवते. कोंबड्यांना आता सवय झालीय, बाजूला होतात. गवतावर तिच्या चाकांचा गोल उमटलाय, माती दिसायला लागलीय. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. परवा मी ओरडले, "आई, किती वेळ?" तर ती न थांबता म्हणाली, "दुकानापर्यंत बारा फेऱ्या. आठ झाल्या."

मला त्या खिडकीशी उभं राहता येत नाही, इम्ब्रो. भांडी न घासता तशीच ठेवते.

यागा

*

प्रुदेत्स, २९ जून

इम्ब्रो,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. आधीची तीन चुलीत गेली.

तुझा प्रश्न होता, दुसरं मत कुठे गेलं. ते माझ्याकडे होतं.

त्या रविवारी पडद्याआड गेले तेव्हा माझ्या डोक्यात दुन्याचं पत्रक होतं. चाळीस मतांनी येतेय तर येऊ दे, असं वाटलं. माझ्या एका गोलाने तिचं काय वाढणार? (हे तू लिहिलंस तेव्हा मी पत्र खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. शब्दसुद्धा तेच.) दोरीला बांधलेलं पेन हातात होतं, समोर कोरी जागा होती, आणि मी लिहायला लागले. सहाशे चौदा सह्यांबद्दल. बर्फाबद्दल. "सह्या माझ्या, फोटो तुझा" असंही लिहिलं. टोपली नसलेल्या त्या चष्मेवाल्याबद्दल लिहिलं. कागदाच्या मागेही लिहिलं. मग घडी घातली. गोल काढायचा राहिला. राहिला असं म्हणते, पण खरं सांगायचं तर काढला नाही. तिला कळावं, एवढीच इच्छा होती. मला दिवसभर बोलायची बंदी होती आणि मी गप्प राहिले की काय करते ते तुला ठाऊक आहे.

मतमोजणीत बारित्साने बाद कागद उचलला, पहिली ओळ वाचली आणि पुढे वाचलंच नाही. एकतीस वर्षं माझ्या हातची अक्षरं या गावाने पाकिटांवर, पावत्यांवर, दारावर चिकटवलेल्या निरोपांवर वाचली आहेत. तिने माझ्याकडे पाहिलं, कागद उलटा ठेवला आणि म्हणाली, "बाद." मग आकडे आले.

आणि मी घरी येऊन तुला लिहिलं की हे मत आईचं होतं. माझ्याही नावावर एक तसंच होतं, ते मी सांगितलं नाही. मला लाज वाटते, इम्ब्रो. तू आला नाहीस म्हणून मी जे जे बोलले ते सगळं मलाही लागू आहे, उलट मला जास्त. तुला विमानात बसायचं होतं. मला फक्त हात एकदा गोल फिरवायचा होता.

बारित्सा दोनेक आठवड्यांपूर्वी काकडीच्या लोणच्याची बरणी परत द्यायला आली. ती कुणाला सांगणाऱ्यातली नाही, पण आईने विचारलं आणि आईला कुणी नाही म्हणू शकत नाही. मी परसात बीन्सना काठ्या लावत होते. आई सायकलवरून आली, माझ्याजवळ थांबली, एक पाय जमिनीवर टेकवला.

"यागा."

"हं."

"एकतीस वर्षं तू या गावात एक पत्र चुकीच्या पेटीत टाकलं नाहीस."

मी हातातली काठी मातीत खुपसली.

"टाकायचं तर तेच एक सापडलं तुला?"

मी रडले. बीन्सच्या वाफ्यात बसून रडले, साठ वर्षांची बाई. आईने मला रडू दिलं. मग हात पुढे केला. "फाटकाची किल्ली दे."

"आई, डंपर..."

"मग तू माझ्या मागे ये."

आता आम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी दुकानात जातो. आई पुढे, मी मागे, टपालाचं माझं जुनं पिवळं जॅकेट घालून, मुद्दाम खड्ड्यापासून लांब, रस्त्याच्या आत. डंपर मागे येऊन हॉर्न मारतात, मी वळूनही बघत नाही. परवा मागे अकरा गाड्या साठल्या. श्तेफ आठव्या गाडीत होता. काच खाली करून ओरडला, "यागा, रस्ता तुझ्या बापाचा आहे का?" आईने पुढूनच उत्तर दिलं, "बापाचं होतं ते कुरण, सरपंच. रस्ता सगळ्यांचा आहे." मला भीती वाटते. पाठीमागून इंजिनाचा आवाज आला की हात हँडलला चिकटतात. एक दिवस एखादा डंपरवाला संतापेल किंवा झोपेत असेल, आणि मग माझं पिवळं जॅकेट काही उपयोगाचं नाही. हे कायमचं चालणारं नाही, आईलाही कळतं. पण मला तिला त्या अंगणात परत कोंडता येत नाही.

ब्रसेल्सचे कागद आता सप्टेंबरमध्ये जाणार नाहीत, त्यावर फुली मार. पण ऑक्टोबरमध्ये, बारा तारखेला, गावसमितीची निवडणूक आहे. पाच माणसांची ती बिनमहत्त्वाची समिती, जिच्या मतदानाला गेल्या खेपेला अख्ख्या प्रुदेत्समधून एक्केचाळीस लोक आले होते आणि जिला आपण सगळे हसायचो. द्रावेच्या बंधाऱ्यावरचा रस्ता आठवतो? वर अडसर आणि कुलूप आहे तो. त्या रस्त्याने दफनभूमी गाठता येते, दुकानही, डंपर न लागता. ते कुलूप सायकलींसाठी उघडा असा ठराव गावसमिती करू शकते, त्याला सरपंचाची सही लागत नाही. दुन्याने नियम शोधून काढलाय. ती माझ्याकडे तो कागद घेऊन आली, मी तिला कॉफी दिली आणि मतपत्रिकेवर काय लिहिलं होतं ते तोंडावर सांगितलं. तिने कॉफी संपवली. मग म्हणाली, "मग या वेळी तुमचंच नाव छापू." मी यादीत उभी आहे. बोल्त्यो म्हणतो तो ऑक्टोबरपर्यंत जगेल, त्याने मला तसा शब्द दिलाय. लोयझला मी सांगितलं बंधाऱ्यावर तुझं कुंपण नाही. कातिक्सा म्हणते बघू.

एक्केचाळीस लोक, इम्ब्रो. दोन मतांनी तिथे सगळं इकडचं तिकडे होतं.

तुझ्या कुरणाबद्दल पुन्हा कधी बोलणार नाही असं वचन देत नाही, माझा स्वभाव तुला माहीत आहे. पण नाताळच्या जेवणात जे बोलले ते बाबांच्या वतीने बोलले असं मला वाटत होतं. आता वाटतं मीच बोलत होते, बाबा तसं बोलले नसते.

तू ये. आईची सायकल तुला छोटी होईल, माझी घे, तिचं मागचं चाक मी बदललंय. बारा ऑक्टोबरला सकाळी आपण तिघं हॉलपर्यंत सायकलवरून जाऊ. आई पुढे, आपण दोघं मागे. मी पडद्याआड एक अक्षरही लिहिणार नाही. गोल काढीन आणि बाहेर येईन. मग तू आत जा.

तुझी ताई